समाधान नेमकं कशात? तासगाव तालुक्यातल्या एका मुलाचं प्रकरण

फिजिओथेरपीच्या मुली इंटर्नशिपला आल्या की एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पेशंट दोन-तीन महिन्यांत चालता होतो, पेढे देऊन जातो. तुमची मुलं तर वर्षानुवर्षं येतच राहतात. मग यात तुम्हाला मिळतं काय?" प्रश्न प्रामाणिक असतो, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. मी मिरजेत लहान मुलांची फिजिओथेरपी करते, म्हणून माझ्याकडचं एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलाला इथे फक्त 'दादू' म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

दादू तासगावच्या पुढच्या एका गावचा. घरची थोडी द्राक्षबाग, हंगामात बेदाण्याच्या शेडवरची मजुरी. घरात आई, वडील, आजी, आबा आणि धाकटी बहीण. जन्म एकतिसाव्या आठवड्यातला, वजन चौदाशे ग्रॅम. "काचंत ठेवला हुता महिनाभर," ही गोष्ट आजीने पहिल्या भेटीत सगळ्यांच्या आधी सांगितली. पेटीतून घरी आला तो नीट दूध पिणारा, हसरा मुलगा. मान उशिरा धरली, आधाराशिवाय बसायला दोन वर्षं लागली, तरी गावात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: "ह्याचा बा बी उशिराच चालला हुता." रोज तेलाची मालिश चालू होती. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी एमआरआय करायला लावला आणि सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडण्याचं, निदान झालं. माझ्याकडे आला तेव्हा त्याला चार वर्षं पूर्ण होत आली होती.

दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या मुलांच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा किंवा प्राणवायू थोडा जरी कमी पडला तरी इजा तिथे आधी होते. पायांकडे जाणारे तंतू त्या कडेला सगळ्यात जवळून जातात. म्हणून अशा मुलांचे पाय जास्त ताठर आणि हात बरेच मोकळे असतात. दादूचं चित्र अगदी तसंच होतं. शेंगा फोडून दाणे खायचा, बोलायचा तर अखंड. पण फरशीवर सशासारखा दोन्ही पाय एकदम ओढत रांगायचा आणि बसताना पाय मागे दुमडून बसायचा. टेबल धरून उभा राहिला की टाचा वर, गुडघे एकमेकांना चिकटलेले. दोन्ही हात धरून चालवलं तर पावलं एकमेकांवर पडायची.

अशा मुलांच्या हालचालींची क्षमता पाच पातळ्यांत मोजतात. ही पद्धत १९९७ साली कॅनडातल्या संशोधकांनी मांडली आणि आज जगभर वापरात आहे. पहिल्या पातळीचं मूल सगळीकडे स्वतः चालतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. दादू तिसऱ्या पातळीत बसत होता, म्हणजे हातात काहीतरी धरून चालू शकेल असा.

अडचण

पहिला प्रश्न आईने विचारला. "मॅडम, चालंल का ओ ह्यो?"

बालफिजिओथेरपीत हा प्रश्न रोजचा आहे आणि दर वेळी तितकाच जड असतो. खोटी आशा दिली तर कुटुंब वर्षभरात मोडतं आणि मग मुलाला कुठेच नेत नाही. आशाच दिली नाही तर उद्यापासून व्यायाम बंद. माझ्या हातात दोन भरवशाच्या गोष्टी होत्या. एक, जी मुलं दोन वर्षांच्या आसपास आधाराशिवाय बसतात त्यांतली बहुतेक पुढे कोणत्या ना कोणत्या प्रकारे चालतात. दुसरी गोष्ट कडू होती. तिसऱ्या पातळीची मुलं आपल्या हालचालीच्या क्षमतेचा साधारण ९० टक्के भाग पावणेचार वर्षांच्या सुमारास गाठतात, असं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. दादू त्या वयाच्या पुढे आला होता.

मी सांगितलं ते असं: वॉकर धरून घरात, अंगणात, शाळेत चालेल असं मला वाटतं. काही न धरता लांबवर चालेल असं वाटत नाही. आज आहे त्यापेक्षा पुष्कळ गोष्टी तो स्वतः करू शकेल, आणि त्याची सुरुवात आत्ता करायची. आबा म्हणाले, "वाकर नगं. एकदा धरला की सुटत न्हाई." वडील गप्प होते.

मग दादूलाच विचारलं, तुला काय करायचंय? त्याने क्षणभरही विचार केला नाही. "दुकानात जायचंय. एकट्यानं."

दुकान घरापासून तीन घरं सोडून. मध्ये एक उघडं गटार, थोडा चढ, कडेला काळी माती. पुढची तीन वर्षं आमचं काम या एका वाक्याभोवती फिरलं.

पर्याय आणि पहिला निर्णय: किती वेळा यायचं?

पुस्तकी सल्ला सोपा असतो, आठवड्यातून तीन वेळा थेरपीला या. गावाहून मिरजेला यायचं तर आधी तासगाव, तिथून सांगली, मग पुढे. एवढ्या मुलाला कडेवर घेऊन एसटी बदलत यायचं म्हणजे आईचा अख्खा दिवस जातो. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली की पुढे डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, फवारण्या. जानेवारीपासून माल निघतो, मग बेदाणा, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. या काळात बाईमाणसाला बागेतून सुट्टी नसते. आईची मजुरी बुडवून आलेली थेरपी फार दिवस टिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आमच्यासमोर तीन वाटा होत्या. रोज ये-जा. मिरजेत खोली घेऊन आई आणि मुलाने इथेच राहायचं. किंवा घरी करायचा व्यायाम नीट शिकवायचा, अधूनमधून तपासायचा, आणि पावसाळ्यात बागेला उसंत असते तेव्हा सलग काही आठवडे इथे दाट थेरपी द्यायची. दुसरी वाट पहिल्यांदा सगळ्यांना आवडली. पण धाकट्या मुलीला कुणाकडे ठेवायचं, या प्रश्नावर ती तिथेच संपली. तिसरी घेतली. सांगलीत विश्रामबागला दादूची मावशी राहते, पावसाळ्यात तिच्याकडे मुक्काम ठरला.

नाइलाजाची तडजोड म्हणून ही वाट घेतली नव्हती. सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांवरच्या सगळ्या पुराव्यांचा आढावा २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या अयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. मुलाला जे करायचं आहे त्याचाच सराव आणि नीट आखलेला घरचा कार्यक्रम, या दोन्हींच्या बाजूने चांगला पुरावा आहे. थेरपिस्टने हाताने पाय ताणत बसण्याच्या बाजूने तो नाही. आजीची मालिश मी बंद केली नाही. त्याने मुलाला बरं वाटतं, आजीलाही बरं वाटतं. एवढंच सांगितलं की चालणं मालिशीने येत नाही, आणि त्या वेळातला अर्धा वेळ मला द्या.

घरात काय केलं

व्यायामाचं सामान घरातच शोधायचं, हा माझा आग्रह असतो. वडिलांना म्हटलं, घराचे फोटो दाखवा. पडवीत द्राक्षाचे प्लास्टिकचे क्रेट रचलेले होते. पुढच्या वेळी येताना एक घेऊन या म्हटलं.

उलटा ठेवलेला क्रेट दादूच्या गुडघ्याच्या उंचीला बरोबर बसला. त्यावर बसवलं, तळपाय फरशीला पूर्ण टेकवले, गुडघ्यांमध्ये एक छोटी उशी दिली म्हणजे ते आत ओढले जाणार नाहीत. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि हात न लावता उठायचं. पहिल्यांदा तो मागे कलंडला. आई पुढे झाली, मी तिला थांबवलं. दुसऱ्यांदा ढुंगण क्रेटवरून चार बोटं उचललं गेलं आणि पाय थरथरायला लागले. ती थरथर पाहून आई घाबरली. मी तिचा हात त्याच्या मांडीवर ठेवला: हा स्नायू बघा, काम करतोय, याला कामाची सवय नाही म्हणून थरथरतोय. मांडीचा ताठरपणा वेगळा लागतो आणि मेहनत वेगळी लागते. तो फरक त्या दिवशी तिच्या हाताला कळला. नंतर कितीतरी गोष्टी मी फोनवर नुसतं विचारून ठरवू शकले, कारण तिचा हात आता ओळखत होता.

घरी तीनच गोष्टी दिल्या. क्रेटवरून ऊठबस, आजीसोबत. आजी आकडे मोजत नाही, दर उठण्याला एकदा 'विठ्ठल' म्हणते, आणि एक माळ झाली की सुट्टी. क्रेटमध्ये थोडं वजन टाकून तो शहाबादी फरशीवर ढकलत नेणं, वडिलांसोबत. आणि भाकरीच्या वेळी पायाला पट्ट्या बांधून ओट्याशी उभं राहणं, आईसोबत. त्या वेळी पिठाचा एक गोळा त्याचा. यादी मोठी केली की घरात काहीच होत नाही, म्हणून यापलीकडे एकही व्यायाम दिला नाही.

दुसरा निर्णय: वॉकर

आबांचा विरोध मनापासूनचा होता. त्यांच्या डोळ्यांसमोर गावातला एक माणूस होता, वॉकर आला तो मरेपर्यंत राहिला असा. त्याला 'अडाणीपणा' म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, पण आबांना डावलून त्या घरात काहीच घडलं नसतं. म्हणून त्यांनाच मिरजेला बोलावलं. आधी त्यांच्याच हातांना धरून दादूला चालवलं: अंग पुढे, टाचा वर, सगळा भार आबांच्या हातावर. मग मागून धरायचा वॉकर दिला. हा वॉकर मुलाच्या पाठीशी असतो, त्यामुळे पुढे झुकायला वाव नसतो आणि अंग सरळ राहतं. दादू खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, भिंतीला धडकला, आणि वळता येईना म्हणून ओरडला. आबा काहीच बोलले नाहीत. जाताना विचारलं, "ह्यो महिनाभर न्यायला मिळंल का?" उसना मिळाला.

महिन्याने वेगळीच तक्रार आली. चाकं लहान, अंगणात रुतायची. गावात ब्लोअर आणि ट्रॉल्या दुरुस्त करणारा वेल्डर आहे, त्याने पुढची चाकं मोठी बसवली. मी फक्त दोन गोष्टी तपासायला सांगितल्या: उंची बदलता कामा नये आणि वॉकर मागे सरकता कामा नये. आबाच त्याच्या दुकानात बसून होते.

तिसरा निर्णय: इंजेक्शन कधी?

पाचव्या वर्षी पोटऱ्या इतक्या आखडल्या की पायातल्या बुटात टाच बसेना. मिरजेतल्या बाल-अस्थिरोगतज्ज्ञांनी बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन सुचवलं. नातेवाइकांत बातमी पसरली की आता इंजेक्शनने पोरगं चालणार. इथे स्पष्ट बोलणं भाग होतं. या औषधाने ताठर स्नायू तीन-चार महिने सैल राहतो, इतकंच. त्या मुदतीत प्लास्टर, नवे बूट आणि भरपूर सराव झाला तर फायदा. नाहीतर पैसेही गेले आणि दुखलंही.

डॉक्टरांना ऑक्टोबरची तारीख सोयीची होती. मी ती जूनला न्यायची विनंती केली. ऑक्टोबर म्हणजे फळछाटणी, आणि औषधाचे चारही महिने बागेच्या कामात गेले असते. थांबण्यात धोका होताच, पोटऱ्या आणखी आखडू शकत होत्या, म्हणून मधल्या काळासाठी रात्री घालायचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल ताणून धरणारे आधार, दिले. जूनमध्ये इंजेक्शन, मग आठवड्याला बदलत प्लास्टर, मग नवे बूट आणि मावशीकडे मुक्काम. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो शरीरशास्त्रापेक्षा द्राक्षाच्या वेळापत्रकावरून घेतला गेला.

याच काळात खुब्याचा एक्स-रे. तिसऱ्या पातळीच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये खुबा जागेवरून सरकतो, असं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मुलांच्या अभ्यासात २००६ साली दिसलं. सुरुवातीला हे दुखत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेर ३० टक्क्यांपेक्षा जास्त आला की धोका मानतात. दादूच्या डाव्या बाजूला हा आकडा २७ टक्के होता. तेव्हापासून एक्स-रे ठरल्या मुदतीने होतो, त्यात हयगय नाही.

काय झालं

आज दादू सात वर्षांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. पातळी तिसरीच आहे, ती बदललेली नाही. वॉकर धरून वर्गात, मैदानात, अंगणात चालतो. जत्रेत किंवा लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. डावा खुबा ताज्या एक्स-रेत २८ वर आहे. क्रेटवरून हात न लावता उठतो.

शाळेचं काम तुलनेने लवकर झालं. मुख्याध्यापक बाई समजूतदार होत्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे त्यांना माहीत होतं. ग्रामपंचायतीने उतार करून दिला, शौचालयात दांडी बसवली. प्रमाणपत्रासाठी हेलपाटे झाले, पण मिळालं.

आणि दुकान. एका सकाळी आईचा फोन आला, आवाज चढलेला. मला वाटलं पडला. तर तक्रार अशी: चहाची पुडी आणायला पाठवला, वॉकरला अडकवलेल्या पिशवीत पुडी घालून आला, पण उरलेल्या पैशाच्या गोळ्या घेऊन वाटेत खाल्ल्या आणि विचारल्यावर साफ खोटं बोलला. "चांगला बदाडला त्याला," असं ती म्हणाली आणि मग हसायला लागली, मीही.

इंटर्न मुलींना मी हे सांगते. ज्या मुलाला चार वर्षं कडेवरून खाली ठेवलं नव्हतं, त्याला आई भाकरी थापता थापता "जा रं, पुडी आण" म्हणाली. तिने तेव्हा आजाराचा विचार केला नाही, माझा तर नाहीच. कामाला पोर हवं होतं, पोर घरात होतं. या नोकरीत मला मिळतं ते हे. पेढे मिळत नाहीत असं नाही, पण पेढ्यांवर हे काम निभत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त मोलाची वाटते. मागच्या बेदाण्याच्या हंगामात वडिलांनी शेडमधला एक व्हिडिओ पाठवला. दादू एका क्रेटमधून माल दुसऱ्यात टाकतोय, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मध्ये उभा राहून दर वेळी भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेतोय. हा व्यायाम मी दिलेला नव्हता. मी दिला असता त्यापेक्षा चांगला होता. वडिलांनी स्वतः रचला होता, कारण त्यांना कळलं होतं की दादूचा डावा पाय भार चुकवतो. आता तो व्यायाम इतर मुलांच्या घरी मी शिकवते.

पाचव्या पातळीच्या मुलांबाबतही इंटर्न विचारतात, तिथे काय? तिथे मूल नीट बसवल्यावर ठसका न लागता घास गिळतं, किंवा आईला रात्री सलग झोप मिळते. ते कमी नाही. मात्र ते पाहायला डोळा तयार करावा लागतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत तो तयार नसतो.

वेगळं काय करता येईल

सगळ्यात मोठी गळती पहिल्या दोन वर्षांतली आहे. काचेत राहिलेल्या मुलाची तपासणी घरी गेल्यावर ठरावीक महिन्यांनी व्हायला हवी. तिसऱ्या महिन्यात बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली पाहून आणि पुढे ठरावीक चाचण्या करून सेरेब्रल पाल्सीचा धोका पहिल्या सहा महिन्यांतच ओळखता येतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लवकर उपचार केंद्रांची तरतूद आहे. पण अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्यापर्यंत एक साधं वाक्य पोचलं पाहिजे: दिवसाआधी जन्मलेलं मूल नऊ महिन्यांचं होऊन बसत नसेल तर वाट पाहू नका. दादूच्या बाबतीत पहिला खुब्याचा एक्स-रे दोन वर्षांच्या आसपास झाला असता तर तुलनेला आधार मिळाला असता.

दुसरं, निर्णय घेणारी माणसं पहिल्याच भेटीत समोर हवीत. आबांना वॉकरसाठी बोलावलं, पण तोवर काही महिने गेले होते. आता नोंदणीच्या वेळीच विचारते, घरात कुणाचा शब्द चालतो, आणि त्यांना पहिल्या महिन्यात एकदा यायला सांगते.

तिसऱ्या मुद्द्यावर सहकाऱ्यांशी माझा वाद होतो. काहींचं म्हणणं, पहिल्या वर्षी रोजची थेरपी झाली असती तर दादू काठीवर आला असता. तसं होऊ शकलं असतं, मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी आईला बागेपासून आणि लेकीपासून तोडावं लागलं असतं, आणि ती किंमत त्या घराने ठरवायची, आपण नाही.

पुढे

तिसऱ्या पातळीच्या मुलांचं चालणं वाढत्या वयात, वजन वाढलं आणि हाडं स्नायूंपेक्षा वेगाने वाढली की, मागे जाऊ शकतं. आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान मांडीमागच्या आखडलेल्या स्नायूंच्या ऑपरेशनचा विचार करावा लागेल, आणि तेव्हाही तारीख जूनच्या आसपास मागू. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवलं आहे, म्हणजे त्या वेळी कुणाला फसल्यासारखं वाटणार नाही.

सध्या दादूची नवी मागणी सायकलची आहे. तीनचाकी, मागे पाठ टेकायला जागा, पेडलला पाय अडकवायला पट्टा, आणि मागून ढकलायला दांडा. वेल्डरने माप घेतलं आहे. मी पट्ट्याची रुंदी आणि सीटची उंची कागदावर लिहून दिली आहे. दांडा नको असं दादूचं म्हणणं आहे, त्यावर घरात वाद चालू आहे.